शूटिंगचा आवाज: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी माइकपासून एडिटपर्यंत

कॅमेऱ्यावरच्या माइकने आवाज नीट येत नाही म्हणून बरेच जण त्याहून महाग माइक घेतात आणि तोही कॅमेऱ्यावरच लावतात. आवाज पुन्हा तसाच येतो: पोकळ, लांबून आलेला, खोलीच्या भिंतींसकट. माइक बदलला, पण त्याची जागा बदलली नाही. कॅमेरा माणसापासून दोन-तीन मीटर लांब असतो, आणि तिथे उभं राहून जे ऐकू येतं तेच माइक देणार. पुढे यंत्रांची बरीच नावं येतील. पण साहित्य निवडताना दर वेळी एकच प्रश्न विचारा: या वस्तूमुळे माइक बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ जाणार आहे का? उत्तर नाही असेल तर ती खरेदी थांबू शकते.

आधी फोनवर एक प्रयोग

काहीही विकत घेण्याआधी हे करून पाहा. कुणाला तरी खोलीच्या मधोमध उभं करा आणि एकच वाक्य एकाच पट्टीत चारदा बोलायला सांगा. फोन तोंडापासून पहिल्यांदा 30 सेंटिमीटरवर धरा, मग 60, मग 120, शेवटी 240 सेंटिमीटरवर. चारही फाइली एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या, त्यांची लेव्हल सारखी करा आणि हेडफोन लावून ऐका. आवाजाचा मोठेपणा सारखा असूनही चौथी फाइल दुसऱ्याच खोलीत रेकॉर्ड केल्यासारखी वाटेल.

याचं कारण समजून घेतलं की निम्मं काम झालं. अंतर दुप्पट झालं की तोंडातून थेट माइककडे येणारा आवाज 6 डेसिबलने उतरतो. 30 सेंटिमीटरचे 240 म्हणजे तीनदा दुप्पट, म्हणजे 18 डेसिबल. भिंती, फरशी आणि छतावर आपटून येणारा आवाज मात्र खोलीत सगळीकडे साधारण सारखाच असतो. पंख्याची घरघरही जागची हलत नाही. आता गेन (माइककडून आलेला सिग्नल किती मोठा करायचा ते ठरवणारं सेटिंग) वाढवून तुम्ही बोलणं पहिल्याइतकं मोठं केलंत, की खोली आणि पंखा दोन्ही 18 डेसिबलने वर येतात. एकसुरी घरघर सॉफ्टवेअरने बरीच कमी करता येते. घुमणारी खोली काढायला गेलं की त्याबरोबर शब्दांच्या कडाही झिजतात. म्हणून अंतर शूटिंगच्या वेळीच जिंकायचं असतं, नंतर नाही.

पहिली खरेदी: हेडफोन

माइकच्या आधी हेडफोन घ्या, हा सल्ला अनेकांना उलटा वाटतो. पण जो आवाज तुम्ही ऐकतच नाही, तो कुठल्याही माइकने सुधारणार नाही. हेडफोन मागून बंद असलेले, कानावर घट्ट बसणारे आणि वायरचे हवेत. बंद असल्यामुळे बाहेरचा आवाज आत येत नाही आणि हेडफोनमधला आवाज माइकमध्ये शिरत नाही. ब्लूटूथचे हेडफोन इथे चालत नाहीत, कारण त्यांतून आवाज उशिरा पोचतो आणि दाबून बारीक केलेला असतो. बास फुगवून गाणी गोड करणारे हेडफोनही नकोत. सोनीचा एमडीआर-7506 1991 पासून आणि सेनहायझरचा एचडी 25 त्याच्याही आधीपासून सेटवर दिसतो. दोन्ही आवाज सजवून दाखवत नाहीत, म्हणून टिकले.

काय ऐकायचं हे मात्र शिकावं लागतं. आपला मेंदू ओळखीचे आवाज गाळून टाकतो. फ्रिज चालू आहे हे खोलीत बसलेल्याला जाणवत नाही, माइकला जाणवतं. हेडफोन लावून दोन मिनिटं काही न बोलता बसा आणि ऐकू येणारा प्रत्येक आवाज कागदावर लिहा: फ्रिज, घड्याळ, दूरचा हॉर्न, ट्यूबलाइटची गुणगुण, शेजारचा पाण्याचा पंप. प्रत्येक नव्या लोकेशनवर हे करा. हळूहळू कान तयार होतो आणि मग हेडफोनशिवाय खोलीत शिरल्या शिरल्याही तुम्हाला ते आवाज दिसायला लागतात.

माइक कोणता?

चित्रीकरणासाठी नव्या माणसाला तीनच जाती माहीत असल्या तरी पुरे: शॉटगन, लॅपल आणि हातात धरायचा डायनॅमिक माइक.

शॉटगन म्हणजे लांब नळीचा माइक. नळीच्या बाजूंना फटी असतात. समोरून आलेला आवाज सरळ आत जातो, बाजूने आलेला आवाज वेगवेगळ्या फटींतून थोडा मागेपुढे पोचतो आणि स्वतःलाच खोडतो. ही युक्ती नळीपेक्षा लांब लहरींवर चालत नाही. सेनहायझरचा एमकेएच 416 हा 1970 च्या दशकापासून वापरात असलेला माइक 25 सेंटिमीटर लांबीचा आहे. तेवढ्या लांबीची लहर म्हणजे साधारण 1400 हर्ट्झ. त्याच्या खाली नळीचा उपयोग कमी होत जातो आणि माइक नळी नसलेल्या, समोरचं जास्त ऐकणाऱ्या माइकसारखाच ऐकतो. म्हणून बाजूने जाणाऱ्या ट्रकची घरघर शॉटगन गाळत नाही. आणि शॉटगन म्हणजे आवाजाची झूम लेन्स नव्हे. लांबचं जवळ आणणं त्याला जमत नाही, बाजूचं थोडं कमी करणं जमतं.

यातूनच दुसरी गोष्ट येते, जी माइकच्या खोक्यावर लिहिलेली नसते. लहान, कठीण भिंतींच्या खोलीत शॉटगन बऱ्याचदा वाईट लागतो. तिथे बोलणाऱ्याचाच आवाज भिंतींवरून बाजूने परत येतो, नळी तो अर्धामुर्धा खोडते, आणि हाती येतो तो डब्यातून बोलल्यासारखा रंग. व्यावसायिक लोक घरातल्या सीनसाठी आखूड सुपरकार्डिऑइड किंवा हायपरकार्डिऑइड माइक (नळी नसलेले, पण मुख्यतः समोरचंच ऐकणारे) बूमवर, म्हणजे लांब दांड्यावर, लावतात. सेनहायझरचा एमकेएच 50 किंवा शोप्सची एमके 41 कॅप्सूल (माइकचं आवाज टिपणारं डोकं) ही त्यातली नेहमीची नावं. सुरुवातीला दोन बूम माइक घेणं जमणार नाही, हे उघड आहे. मग एकच शॉटगन घ्या, उदाहरणार्थ रोडचा एनटीजी मालिकेतला किंवा सेनहायझरचा एमकेई 600, आणि आतल्या सीनला तो आणखी जवळ नेऊन खोलीत गाद्या, रजया, जाड पडदे वाढवा.

लॅपल म्हणजे कपड्याला लावायचा बारीक माइक. बहुतेक लॅपल चहूबाजूंनी सारखं ऐकतात आणि तो दोष नाही: बोलणाऱ्याने मान वळवली तरी आवाज फारसा बदलत नाही. तोंडापासूनचं अंतर जेमतेम वीतभर असल्यामुळे बाहेरचा कोलाहल आपोआप मागे राहतो.

हातात धरायच्या डायनॅमिक माइकला वीज लागत नाही आणि तो गर्दीतल्या बातमीसाठी उत्तम, कारण तो थेट तोंडाशी नेता येतो. शुअरचा एसएम58 1966 पासून बनतो आहे आणि मार खाऊनही चालतो. अशा माइकला गेन मात्र भरपूर लागतो. स्वस्त रेकॉर्डरला लावला की त्या गेनबरोबर 'स्स्स' असा हिसही येतो.

आधी काय घ्यावं? एकटे मुलाखती घेत असाल तर वायरचा लॅपल आणि खिशात मावणारा रेकॉर्डर. कथा चित्रित करत असाल आणि बूम धरायला एक माणूस मिळत असेल, तर शॉटगन आणि बूम रॉड. बैठ्या मुलाखतीसाठी मला सगळ्यात आवडणारी मांडणी म्हणजे स्टँडवर अडकवलेला बूम आणि त्याच्या जोडीला कपड्यावरचा लॅपल, दोन्ही वेगळ्या ट्रॅकवर. एकाने दगा दिला तर दुसरा असतो. मिक्स करताना मात्र दोन्ही एकदम सुरू ठेवू नका. एकच आवाज दोन अंतरांवरून आला की त्यातल्या काही फ्रीक्वेन्सी खोडल्या जातात आणि बोलणं पातळ होतं.

बूम धरायची रीत

माइक बोलणाऱ्याच्या डोक्याच्या वर, थोडा पुढे, फ्रेमच्या कडेच्या जेमतेम बाहेर हवा आणि त्याचं तोंड ओठांकडे किंवा छातीच्या वरच्या भागाकडे रोखलेलं हवं. वरून धरल्यावर माइकच्या समोर माणसामागे जमीन येते, आणि जमीन बोलत नाही. खालून धरलात तर समोर छत किंवा आकाश येतं, शिवाय छातीचा जडपणा वाढतो. आडवा धरलात तर माणसामागचा सगळा रस्ता थेट माइकसमोर येतो. वरून अजिबात जमत नसेल तेव्हाच खालून.

जागा शोधायची पद्धत ठरलेली आहे. शॉट लागला की कॅमेरामन मॉनिटरकडे पाहतो आणि तुम्ही माइक हळूहळू खाली आणता. "दिसला" असं तो म्हणाला की तळहाताइतकं वर घ्यायचं आणि ती उंची मागच्या एखाद्या वस्तूवरून, दाराच्या चौकटीवरून म्हणा किंवा खिडकीच्या गजावरून, लक्षात ठेवायची. टेकच्या मध्ये मॉनिटर पाहायला मिळत नाही. सावलीही याच वेळी तपासा. दिव्याच्या विरुद्ध बाजूने बूम आणलात तर सावली बहुतेक वेळा फ्रेमबाहेर पडते.

आता हात. पाय खांद्याइतके फाकवून उभे राहा, दोन्ही हात डोक्यावर सरळ ठेवा, कोपरं किंचित सैल. पुढचा हात फक्त आधार देतो, रॉड त्याच्या बोटांवर टेकलेला असतो. मागचा हात रॉड फिरवतो. मुठी आवळल्या की बोटांचं घासणं रॉडमधून थेट माइकपर्यंत जातं, म्हणून पकड जेवढी हलकी तेवढी चांगली. अंगठ्या, घड्याळ, कडं काढून ठेवा. रॉडचे जोड पूर्ण बाहेर ओढू नका, प्रत्येक जोड चार बोटं आत ठेवला की रॉड लवत नाही आणि करकरत नाही. केबल रॉडला गुंडाळून ताणलेली ठेवा, टोकाशी मात्र थोडी सैल सोडा, नाहीतर शॉक माउंटचा (माइकला धक्क्यांपासून वाचवणाऱ्या पकडीचा) रबर काम करत नाही आणि प्रत्येक धक्का माइकला बसतो. माइक शॉक माउंटशिवाय रॉडवर कधीच लावू नका.

दोन पात्रं बोलत असतील तर बूम धरणाऱ्याला संवाद पाठ हवेत. पहिल्याचं शेवटचं अक्षर संपता संपता मागचा हात वळतो आणि माइक दुसऱ्याकडे जातो. दुसरं वाक्य सुरू झाल्यावर वळवलात तर त्याचा पहिला शब्द लांबून येतो. चांगला बूम धरणारा माणूस नटाचा श्वास पाहून वळतो. म्हणूनच हे काम "ज्याला दुसरं काम नाही त्याच्याकडे दे" अशा पद्धतीने वाटू नये.

लॅपल लावताना

जागा छातीच्या मधोमध, हनुवटीपासून साधारण वीतभर खाली. फार वर, गळ्याशी लावला तर हनुवटीच्या सावलीत येऊन आवाज बोदा होतो. फार खाली गेला की खोली ऐकू यायला लागते.

उघड्यावर, कॉलरच्या कडेला क्लिपने लावलेला लॅपल सगळ्यात स्वच्छ ऐकतो. मुलाखतीत तो दिसला तर काही बिघडत नाही. कथेत तो लपवावा लागतो, आणि तिथे कापडाची खसखस हा मोठा शत्रू. कापड दोन प्रकारे त्रास देतं: एक तर ते माइकच्या डोक्यावर घासतं, नाहीतर वायरवर घासतं आणि ती कंपनं वायरमधून वर जातात. उपाय असा: माइकपासून थोडं खाली वायरची एक छोटी गाठ-वजा वेटोळी करा आणि ती चिकटपट्टीने कापडाच्या आतल्या बाजूला पक्की करा, म्हणजे खालून आलेला ओढा तिथेच थांबतो. मग माइकचं डोकं दोन चिकट त्रिकोणांच्या मध्ये असं धरा, की एक बाजू शर्टला आणि दुसरी बनियनला किंवा अंगाला चिकटेल. कापड आणि माइक एकत्रच हलले तर घासायला काही उरत नाही. त्वचेला लावायची पट्टी औषधाच्या दुकानात मिळते तीच घ्या, आणि लावण्याआधी त्या व्यक्तीला विचारा. कुठे हात लागणार आहे ते सांगा, आणि शक्य तिथे माइक तिच्याच हाताने लावू द्या.

कपडे ठरवण्याच्या बैठकीत तुमचं मत मागितलं गेलं तर सुती सांगा. रेशीम, नायलॉन आणि कडक पॉलिस्टर नुसत्या हालचालीनेही आवाज करतात. बांगड्या, लांब हार, खिशातली नाणी यांचीही चौकशी करा.

वायरलेस की वायर?

वायर जिथे चालते तिथे वायरच. बसून बोलणाऱ्या माणसाला वायरलेसची गरज नसते आणि वायरमध्ये सिग्नल तुटत नाही.

चालत्या माणसासाठी आज मिळणारे छोटे वायरलेस सेट बहुतेक 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे वाय-फाय आणि ब्लूटूथच्याच पट्ट्यात. मोकळ्या जागी छान चालतात, गर्दीच्या सभागृहात प्रत्येक खिशात फोन असला की कधीकधी तुटतात. मानवी शरीरातलं पाणीही ही लहर अडवतं. म्हणून ट्रान्समीटर पाठीमागे आणि रिसीव्हर समोर अशी मांडणी टाळा, दोघांची एकमेकांना नजर हवी. ज्या सेटचा ट्रान्समीटर स्वतःतच रेकॉर्डिंग करतो तो निवडा, कारण हवेत सिग्नल तुटला तरी मूळ फाइल शाबूत राहते. यूएचएफ पट्ट्यातले मोठे सेट जास्त भरवशाचे असतात, पण कुठली फ्रीक्वेन्सी वापरायला परवानगी आहे हे प्रत्येक देशात वेगळं ठरतं. घेण्याआधी ते तपासा.

वारा

माइकसोबत येणारी स्पंजची टोपी घरातल्या पंख्याला आणि बूम फिरवताना लागणाऱ्या हवेला पुरते. बाहेर ती पुरत नाही. वाऱ्याची झुळूक माइकच्या पडद्याला थेट ढकलते आणि जो 'भुडभुड' आवाज येतो तो शब्दांखालून काढता येत नाही. बाहेर केसाळ टोपी हवीच. वारा सतत असेल तर माइक संपूर्ण आत मावेल असा जाळीचा पिंजरा, ज्याला सेटवर ब्लिंप म्हणतात, आणि त्यावर केसाळ आवरण. लॅपलसाठीही केसांचा छोटा गोंडा मिळतो. तो नसेल तर माइक कपड्याच्या आत घ्या.

रेकॉर्डर आणि गेन

शॉटगनसारख्या कंडेन्सर माइकना वीज लागते आणि ती बहुतेकांना एक्सएलआर (तीन पिनांच्या) केबलमधूनच 48 व्होल्टच्या फँटम पॉवरने जाते. फँटम बंद राहिल्यामुळे माइक मेलेला वाटतो, ही सेटवरची रोजची घटना आहे. आवाज येत नसेल तर आधी हाच मेनू पाहा. एमकेई 600 सारखे काही माइक आतल्या बॅटरीवरही चालतात. लहान लॅपलना फँटम नव्हे तर 3.5 मिलिमीटरच्या पिनमधून मिळणारी थोडी वीज लागते. त्या पिनवर दोन काळ्या रेषा आहेत की तीन ते मोजा: तीन रेषांची पिन फोनसाठी, दोन रेषांची कॅमेरा आणि रेकॉर्डरसाठी. चुकीची जोडी लावली तर आवाज येत नाही किंवा अगदी क्षीण येतो. मध्ये लावायचा अडॅप्टर बॅगेत ठेवा.

स्वतंत्र रेकॉर्डर का? अनेक कॅमेऱ्यांचा आतला प्रीअॅम्प (माइकचा सिग्नल मोठा करणारा भाग) हिस करतो, कॅमेऱ्याला एक्सएलआरची भोकं नसतात, आणि आवाज पाहणाऱ्याला कॅमेऱ्यामागे उभं राहावं लागतं. झूम, टॅसकॅम, साऊंड डिव्हायसेस ही रेकॉर्डरमधली नेहमीची नावं. दोन एक्सएलआर इनपुट, हेडफोनची पिन आणि प्रत्येक इनपुटला वेगळा गेन, एवढं असलं की सुरुवातीची बरीच वर्षं निघतात.

सेटिंग एकदाच लावून ठेवा: डब्ल्यूएव्ही फाइल, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. 44.1 संगीताच्या सीडीसाठी होतं, व्हिडिओ 48 वर चालतो. या सेटिंगला एका मोनो ट्रॅकचे तासाला साधारण 520 मेगाबाइट होतात, म्हणजे कार्डाची चिंता फारशी नसते. ऑटो गेन बंद करा. तो चालू असला की बोलणारा थांबताच यंत्र गेन वाढवतं आणि प्रत्येक विरामात पंखा वर येतो.

लेव्हलच्या मीटरवर शून्य ही कमाल आहे. त्याच्या वर काही नाही, आवाज तिथे कापला जातो आणि कापलेला आवाज परत जोडता येत नाही. साधं बोलणं उणे 20 ते उणे 12 च्या दरम्यान हलत राहू द्या, शिखरं उणे 6 च्या वर जाऊ देऊ नका. तालमीत नट नेहमीच हळू बोलतो. टेकमध्ये तो ओरडणार आहे, हे धरूनच गेन लावा. 24 बिटमध्ये थोडं कमी रेकॉर्ड झालेलं नंतर वाढवता येतं, त्यामुळे मीटर हिरव्या पट्टीत खाली आहे म्हणून घाबरू नका. बऱ्याच रेकॉर्डरमध्ये तोच आवाज कमी लेव्हलने दुसऱ्या ट्रॅकवर उतरवायची सोय असते. ती असेल तर वापरा.

2019 च्या सुमारास छोट्या रेकॉर्डरमध्ये 32 बिट फ्लोट आलं आणि गेन लावण्याची धास्ती बरीच कमी झाली. त्यात मोठा आवाज फाइलमध्ये कापला जात नाही, नंतर खाली आणता येतो. पण माइकमध्येच आवाज फाटला, किंवा वायरलेसच्या ट्रान्समीटरमध्येच आवाज कापला गेला, तर पुढची फाइल कितीही बिटची असो, उपयोग नाही. आणि लांबून घेतलेला आवाज 32 बिटमध्येही लांबचाच राहतो.

लो कट म्हणून एक बटण असतं. ते 80 हर्ट्झच्या आसपास ठेवा. गाड्यांची, एसीची आणि बूमच्या हाताळणीची घरघर तिथे खाली असते आणि बोलण्यातलं फारसं काही जात नाही.

केबल आणि बॅटरी

एक्सएलआर केबल संतुलित असते, म्हणजे एकच सिग्नल दोन तारांतून उलटसुलट जातो आणि वाटेत शिरलेला गुंजारव दुसऱ्या टोकाला वजा होतो. म्हणून ती लांब गेली तरी चालते. 3.5 मिलिमीटरची वायर तशी नसते, ती आखूडच बरी. माइकची केबल विजेच्या वायरला समांतर टाकू नका, ओलांडायचीच तर काटकोनात. प्रत्येक केबलची एक जास्तीची जोडी ठेवा.

रिचार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल 1.2 व्होल्टचे असतात, साधे 1.5 चे. रेकॉर्डरच्या मेनूत सेलचा प्रकार निवडला नाही तर बॅटरीचा आकडा खोटा दिसतो. जेवणाच्या सुट्टीत सेल बदलून टाका, संपायची वाट पाहू नका.

लोकेशनवर पोचल्यावर

सगळ्यांच्या आधी पोचा आणि हेडफोन लावून ती दोन मिनिटं बसा. मग बंद करता येण्यासारखं सगळं बंद करा: पंखा, एसी, फ्रिज, घड्याळ. फ्रिज बंद केला की परत लावायचं राहून जातं, म्हणून साऊंडवाले आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतात. किल्लीशिवाय निघता येत नाही. सगळ्यांचे फोन विमान मोडवर टाकायला लावा, खिशातला फोन जवळच्या वायरमध्ये टिकटिक भरतो. टाळी वाजवून खोली किती घुमते ते पाहा. घुमत असेल तर कॅमेऱ्यामागे, फ्रेमबाहेर रजया टांगा, जमिनीवर गालिचा टाका. बोलणारा ज्या दिशेला तोंड करून बोलतो तिकडची भिंत आधी झाका, तिथूनच सगळ्यात जास्त परत येतं. दोन खोल्यांत निवड असेल तर दिसायला जरा कमी पण शांत असलेल्या खोलीसाठी दिग्दर्शकाशी जरूर बोला. हे रेकी करताना, म्हणजे आधी लोकेशन पाहायला जातानाच बोलायचं असतं. शूटच्या दिवशी कुणी ऐकत नाही.

टेक

क्रम असा: आधी साऊंड चालू, मग कॅमेरा, मग क्लॅप, मग अॅक्शन. रेकॉर्डर खरंच रेकॉर्ड करतो आहे का हे सेकंदांचा आकडा पळताना पाहून खात्री करा. काही यंत्रांत पहिल्यांदा बटण दाबलं की ते फक्त तयार स्थितीत जातं आणि दिवा लुकलुकतो.

क्लॅपवर सीन आणि टेकचा नंबर मोठ्याने बोला आणि क्लॅपच्या पाटीची पट्टी फ्रेममध्ये एकदाच स्वच्छ आपटा. कॅमेऱ्याला त्याचा स्वतःचा खडबडीत आवाज रेकॉर्ड करू द्या. एडिटमधलं सॉफ्टवेअर दोन्हींचे आलेख जुळवून सिंक लावतं (चित्र आणि आवाज एकत्र बसवतं) आणि त्यासाठी तो आवाज लागतो. लांबून शूट करत असाल तर लक्षात ठेवा, आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशेबाने कॅमेरा 14 मीटर लांब असला की त्यातला आवाज एक फ्रेम उशिरा पोचतो. तिथे क्लॅपच्या चित्रावर सिंक लावा.

लांब सलग रेकॉर्डिंगला आणखी एक गोष्ट होते. कॅमेऱ्याचं आणि रेकॉर्डरचं घड्याळ तंतोतंत सारखं नसतं. दशलक्षात 20 भागांचा फरक असला तरी तासाभरात 72 मिलिसेकंद, म्हणजे जवळपास दोन फ्रेम सरकतात आणि ओठ खोटे वाटायला लागतात. व्याख्यान किंवा नाटक चित्रित करताना शेवटीही एक क्लॅप द्या, म्हणजे किती सरकलं ते मोजता येतं.

टेकमध्ये विमान गेलं, कुत्रं भुंकलं, कापड घासलं, तर टेक संपल्यावर लगेच स्पष्ट सांगा: कुठल्या वाक्यावर, काय. "आवाज बरा नव्हता" एवढं सांगून दिग्दर्शकाला काही ठरवता येत नाही. "दुसऱ्या वाक्यात 'उद्या' या शब्दावर हॉर्न आहे" असं सांगितलं की तो फक्त तेवढं वाक्य पुन्हा घेऊ शकतो. कॅमेरा लावायला वेळ नसेल तर नट तिथेच असताना नुसता आवाज घ्या, त्याच खोलीत, त्याच माइकने. पुढे डबिंग करण्यापेक्षा तो कितीतरी चपखल बसतो.

आणि लोकेशन सोडण्याआधी रूम टोन. सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, दिवे आणि माणसं तशीच ठेवायची, माइक होता त्याच जागी, गेन तोच, आणि एक मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करायची. एडिटमध्ये दोन वाक्यांमधली पोकळी याच मिनिटाने भरते. सगळ्यांना घरी जायची घाई असते तेव्हाच हे मागावं लागतं. तरीही मागा.

फाइली

कार्ड नेहमी रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा, संगणकात नाही. रोज एका कागदावर सीन, टेक, फाइलचा नंबर, कुठला ट्रॅक बूमचा आणि कुठला लॅपलचा, आणि काय बिघडलं ते लिहा. त्याचा फोटो फाइलींच्याच फोल्डरमध्ये टाका. एडिटरला मग प्रत्येक फाइल उघडून शोधावं लागत नाही. कार्डावरच्या फाइली दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा, प्रत्येक डिस्कवरच्या दोन-तीन फाइली सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून पाहा, आणि तोपर्यंत कार्ड रेकॉर्डरमध्ये परत घालू नका.